दहावा दात

मी एका जुन्या मॉरिस मायनर गाडीचा सेल्फ बोलतोय. पुस्तकात मला स्टार्टर मोटर म्हणतात, पण आमच्याकडे कुणी पुस्तकातलं बोलत नाही. ‘सेल्फ मार’ म्हटलं की मी इंजिनाला धक्का द्यायचा, इंजिन जागं झालं की मी बाजूला व्हायचं. आयुष्यभर माझं बोलणं एका वेळी चार-पाच सेकंदांचं. त्यामुळे आज एवढं सांगायला बसलोय तर अडखळेन, मागचं पुढे होईल. सांभाळून घ्या.

सध्या माझा मुक्काम खांदेश्वरला, सिडकोच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत. वारा सुटला की इथलं दार आपटतं, म्हणून मला त्याच्याशी टेकवून ठेवलंय. अंगात भरपूर लोखंड आणि जळकं तांबं, त्यामुळे या कामाला मी बरा आहे. निदान अजून कुणी तक्रार केलेली नाही. पण तक्रार नाही म्हणजे काम चोख आहे, असं मी कधीच धरून चालत नाही. तो माझा स्वभाव नाही.

माझ्या एका टोकाला छोटं दातेरी चाक आहे. त्याला नऊ दात. इंजिनाला एक मोठी दातेरी रिंग असते. सेल्फ मारला की माझे नऊ दात झेप घेऊन त्या रिंगेत अडकतात, तिला फिरवतात आणि परत मागे येतात. नऊ. हा आकडा तेवढा लक्षात ठेवा.

मी जन्मलो परदेशातल्या एका कारखान्यात, पण तिथलं मला काही आठवत नाही. पहिले मालक मुंबईतले एक डॉक्टर. त्यांनी मला कधी पाहिलंच नाही. सेल्फ पाहायचा असतो तो बिघडला तरच. बासष्ट साली त्यांच्याकडून गाडी घेतली वामनरावांनी, आणि मला पहिल्यांदा माणसाचा हात लागला.

वामनराव रसायनीकडच्या एका कारखान्यात मेंटेनन्सचे फोरमन. राहायला तेव्हा जुन्या पनवेलात. दर वर्षी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी ते मला गाडीतून उतरवायचे. खंडेनवमीला शस्त्रं पुजतात. फोरमनची शस्त्रं म्हणजे पाने, हातोडी, पकड. ती पाटावर मांडायची आणि मधोमध मी. आता पाटावर बसायचं म्हणजे अंघोळ हवी. मला उघडून पेट्रोलने धुवायचे, झिजलेले कार्बन बदलायचे, आणि शेवटी दात तपासायचे. एकेक दात बोटाने चाचपून, कुठला झिजला, कुठला दुखावला.

त्याची एक पद्धत होती. आधी एका दाताला खडूने खूण करायची, मग मोजायचं. “गोल वस्तूला सुरुवात नसते,” ते म्हणायचे. “सुरुवात आपण ठरवायची. खूण नाही केली, तर पहिला दात शेवटी परत मोजला जातो आणि नवाचे दहा होतात.”

खडू असायचा मालतीबाईंचा. मालतीबाई म्हणजे त्यांची बायको, उरणच्या एका शाळेत शिक्षिका. वर्गातले उरलेले खडूचे तुकडे त्यांच्या पिशवीच्या तळाशी नेहमी सापडायचे.

“दर वर्षी काय मोजता?” त्या विचारायच्या. “गेल्या वर्षीपासून एखादा उगवलाय का?”

“उगवायला तो काय आपला नंदू आहे?”

नंदू, म्हणजे नंदकुमार, तेव्हा बोळक्या तोंडाने पाटाकडे रांगत यायचा आणि माझ्यावरचं फूल तोंडात घालायचा.

वामनरावांची पहिली पाळी असली की ते दुपारी घरी येऊन चहा घ्यायचे आणि गाडी काढून मालतीबाईंना आणायला उरणला जायचे. जासईवरून रस्ता. तेव्हा तिथे कंटेनर नव्हते, दोन्ही बाजूंना भातशेती आणि मिठागरं. शाळेच्या फाटकासमोर गाडी बंद करायची, मालतीबाई आल्या की माझी मूठ ओढायची. आमच्या गाडीत किल्लीने नुसती इंजिनाच्या ठिणगीची वीज चालू होते. सेल्फ मारायला डॅशबोर्डवरची एक मूठ ओढावी लागते, ती किल्लीशिवायही चालते. पाच वाजता शाळेसमोर ती मूठ ओढली जाणं हे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात नियमित काम. मी कधी कामाला नाही म्हटलं नाही. पावसाळ्यात दोन-चारदा म्हटलं असेल, खोटं कशाला सांगू?

एक गोष्ट फार कुणाला माहीत नसते. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना फिरत फिरत दर वेळी त्याच एक-दोन जागी येऊन थांबतं. त्यामुळे मी दर वेळी रिंगेच्या त्याच दातांवर झेप घेतो आणि रिंग तेवढ्याच जागी झिजते. बाकीची रिंग नव्यासारखी. माणसांचंही तसंच असावं. थांबायच्या जागा ठरलेल्या आणि झीज तिथेच.

मालतीबाई एक्याण्णव साली गेल्या. नंदकुमारचं लग्न त्यांनी पाहिलं, नात पाहिली नाही. त्यानंतर घर खांदेश्वरला आलं. वामनराव गाडीसकट आले.

त्या घरातली सून अस्मिता. एम.ए. झालेली, बँकेच्या दोन परीक्षा दिलेली, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘बरोबर आहे ना?’ लावणारी. वैदेही झाल्यावर तर विचारू नका. मुलीचं अंग गरम वाटलं की थर्मामीटर. थर्मामीटरवर विश्वास नाही म्हणून स्वतःचा हात. स्वतःच्या हातावर विश्वास नाही म्हणून शेजारच्या उज्वलाचा हात. उज्वला म्हणायची, “काही नाहीये गं तिला, तुझाच हात गार आहे.” मग अस्मिता आपल्या गार हाताची काळजी करत बसायची.

नंदकुमारची नोकरी पुण्याकडच्या एका कंपनीत. तो शनिवारी यायचा, सोमवारी पहाटे जायचा. मधल्या दिवसांत अडीनडीला घरात कुणीतरी गाडी चालवणारं हवं, म्हणून वामनरावांनी सुनेला शिकवलं. ती माझी मूठ ओढायची आणि धरूनच ठेवायची.

“सोड आता अस्मिता, लागली गाडी.”

“लागली? नक्की ना, बाबा?”

“मग हा आवाज कुणाचा, माझ्या पोटाचा?”

ती हसून सोडायची. मला ही बाई आवडायची. इंजिन लागलं की नाही याची शंका मलाही दर वेळी असतेच.

खंडेनवमीला ती शेजारी बसायची. तिला त्यांनी खडू दिला, खूण करायला लावली, नऊ मोजायला लावले. तिने तीनदा मोजले. तिन्ही वेळा नऊ. “तू एवढी शिकलेली,” वामनराव म्हणाले, “आणि नवावर विश्वास नाही?”

“नवावर आहे, बाबा. माझ्यावर नाही.”

वामनरावांचं विसरणं कधी सुरू झालं ते मला नेमकं सांगता येणार नाही. बॉनेटखाली बसून घरातलं काय कळणार? पण मूठ ओढणारा हात कळतो. तो हात कधी कधी मूठ शोधायला लागला. पस्तीस वर्षं जिथे होती तिथेच होती ती. नंतर ते वैदेहीला ‘नंदू’ म्हणायला लागले. तिला ती गंमत वाटायची. ती त्यांना ‘नंदूचे बाबा’ म्हणायची. एकदा बालवाडीतून तिला घेऊन येताना त्यांनी वळण चुकवलं आणि कळंबोलीच्या ट्रकांमध्ये जाऊन उभे राहिले. अर्ध्या तासाने घरी आले, हसत. “नवीन रस्ते करतात रोज, कुणी लक्षात ठेवायचं?”

अस्मिताने किल्ली लपवली, हे मला नंतर घरात आल्यावर कळलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी घर पालथं घातलं. डबे काढले, गाद्या उलटल्या, कोनाडे झाडले, जेवले नाहीत. संध्याकाळी ती किल्ली तिनेच ‘सापडवून’ दिली. नवऱ्याला फोन केला तेव्हा तो म्हणाला, “अगं एकदा रस्ता चुकले. मीही चुकतो. तू टेन्शन फार घेतेस.” तिला ते पटलं. म्हणजे तिला स्वतःचं म्हणणं पटेनासं झालं. आपण उगाच घाबरतो, तापासारखंच हेही, असं म्हणून ती गप्प बसली आणि वैदेही आजोबांबरोबर येत-जात राहिली.

ती तेव्हा गप्प बसली, हे तिने स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

सत्त्याण्णवची दिवाळी उरकून आठवडा झाला असेल. बालवाडी साडेअकराला सुटली. वामनरावांनी वैदेहीला मागे बसवलं, मूठ ओढली, आणि घराच्या वळणावर गाडी डावीकडे घेण्याऐवजी सरळ नेली. मला वाटलं, काही आणायचं असेल. चाकाखालचा रस्ता बदलत गेला तसा मी ओळखला. तो उरणचा रस्ता होता.

जासईच्या अलीकडे कंटेनरच्या ट्रेलरांची रांग लागली होती, बंदराकडे जाणारी. पुढे ट्रेलर, मागे ट्रेलर, मध्ये आमची बुटकी गाडी. त्यांनी इंजिन बंद केलं, किल्ली काढून सदऱ्याच्या खिशात घातली. रांग हलली. त्यांनी मूठ ओढली.

मी इंजिन फिरवलं. लागलं नाही. लागणार कसं? किल्ली खिशात होती, ठिणगीची वीज चालूच नव्हती. त्यांनी परत मूठ ओढली. परत. परत. मागून हॉर्न वाजत होते. मला ओरडून सांगावंसं वाटलं, वामनराव, खिशात बघा. पण मला एकच शब्द येतो आणि तो मी ओरडतच होतो. माझं काम चार-पाच सेकंदांचं, ते मी किती मिनिटं केलं कोण जाणे. आतली वेटोळी तापली, वार्निश वितळलं, वास सुटला, धूर आला. वैदेही रडायला लागली. मग मी थांबलो. कायमचा.

रस्त्याच्या कडेला गोजरा नावाच्या बाईची चहाची टपरी होती. ती आली, पोरीला कडेवर घेतलं, म्हाताऱ्याला बाकड्यावर बसवलं. पोरीच्या दप्तरावर अस्मिताने फोन नंबर लिहिलेला होता. दप्तरावर, डब्यावर, रुमालावर, सगळीकडे. त्या दिवशी तिच्या काळजीचं चीज झालं.

अस्मिता रिक्षा करून आली तेव्हा अडीच वाजले होते. पायात दोन वेगवेगळ्या चपला.

“घाबरू नको, बाय,” गोजरा म्हणाली. “पोर चांगली हाय. पानी पाजलंय, बिस्कुट खाल्लान. पन ह्यो म्हातारा सारका बोलतंय, मालतीला आनाला चाललोय, शाला सुटंल. मालती कोन गो?”

अस्मिताने वैदेहीला इतकं घट्ट धरलं की ती म्हणाली, “आई, दुखतंय.” मग तिने गाडीत डोकावून पाहिलं. किल्लीची जागा रिकामी. ती सासऱ्यांजवळ गेली आणि त्यांच्या खिशाला हात लावला. किल्ली वाजली. वामनराव तिच्याकडे बघत होते. एवढ्यात त्यांना सगळं परत आठवलं असावं, कारण त्यांनी मान खाली घातली.

“गरम झाला होता सेल्फ,” ते म्हणाले. “जुना झालाय.”

“हो, बाबा,” ती म्हणाली. “सेल्फच जुना झालाय.”

आळ माझ्यावर आला. येऊ दे.

गाडी ओढून आणली. कॉलनीतल्या गॅरेजवाल्या किसनने मला उतरवून उघडलं आणि लगेच नाक दाबलं. “कॉइल पूर्ण खाक आहे, काका. आर्मेचर पण गेलं. नवीन तार भरून काय उपयोग नाय. दुसरा बघा कुठे भेटला तर. नवीन तर आता बनतच नाय.”

हँडल मारून गाडी चालू करायची ताकद वामनरावांच्या मनगटात राहिली नव्हती, आणि हर्नियाच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी मनाईच केली होती. म्हणजे दुसरा सेल्फ मिळेपर्यंत गाडी जागची हलणार नव्हती. अस्मिताला त्या आठवड्यात पहिल्यांदा नीट झोप लागली असं तिनेच उज्वलाला सांगितलं. मी तेव्हा टेलिफोनच्या स्टुलाखाली वर्तमानपत्रात गुंडाळून पडलेलो होतो, त्यामुळे घरातलं सगळं ऐकू यायचं.

नंदकुमारचा फोनही ऐकला. तिने त्याला किल्लीचं सांगितलं, मालतीबाईंचं सांगितलं. मग त्याने म्हटलेलं ती पुन्हा उच्चारत होती, म्हणून मला कळलं. “गाडी काढून घेतली तर ते बसून जातील… हो, कळतंय मला… म्हणजे मी सांगू त्यांना? मी? सासऱ्यांना? नंदू, तू मुलगा आहेस.” फोन ठेवल्यावर ती स्टुलाशेजारी जमिनीवर बसून राहिली. तो सांगणार नव्हता. ती सांगू शकत नव्हती. ज्या माणसाने आपल्याला गाडी शिकवली त्याला ‘तुम्ही आता चालवू नका’ हे कुठल्या शब्दांत सांगतात?

आणि वामनराव रोज विचारत होते, “कळंबोलीला कधी जायचं?”

शेवटी गेले. वैदेहीला उज्वलाकडे ठेवून. जुना सुटा भाग शोधायचा तर नमुना बरोबर न्यावा लागतो, म्हणून मीही गेलो, कापडी पिशवीत, अस्मिताच्या हातात.

कळंबोलीत, लोखंड बाजाराच्या मागच्या अंगाला, कुलदीप नावाच्या एका सरदार व्यापाऱ्याचं जुन्या सुट्या भागांचं आवार होतं. ट्रकांचे गिअरबॉक्स, जीपचे रेडिएटर, रांगोळीसारख्या पसरलेल्या बेअरिंगी. कुलदीप कळंबोलीतच वाढलेला, मराठी बोलायचा ते अर्धं हिंदीत बुडवून.

“मॉरिस? बाबूजी, तुम्ही पण कमाल करता. लोक नव्या गाड्यांची गोष्ट करतात आणि तुम्ही मॉरिस.” तरी त्याने शोधलं. फळीवर माझ्या शेजारी एक सेल्फ आणून ठेवला. “हा घ्या. डिट्टो.”

त्या दिवशी वामनरावांकडे पाहायला हवं होतं. खाली वाकले, भोकांमधलं अंतर माझ्याशी बोटांनी ताडून पाहिलं. “बॅटरी आण.” तारा लावल्या, सेल्फ फिरला. त्यांनी दोनच क्षण पाहिलं. “हा उलटा फिरतो.”

“उलटा कुठे, बाबूजी?”

“माझा घड्याळासारखा फिरतो. हा विरुद्ध. लावलास तर पहिल्या झटक्यात दात उडतील. तुझ्या ट्रकवाल्यांना शिकव, मला नको.”

कुलदीप हसला. “मान गये. इंजिनीअर आहात?”

“फोरमन.”

अस्मिता त्यांच्याकडे टक लावून बघत होती. तिच्या चेहऱ्यावर मी तिची जुनी शंका पाहिली. हा माणूस हरवलेला आहे असं कोण म्हणेल? कदाचित नंदू म्हणतो तेच खरं असेल. आपल्याच मनाचे खेळ असतील.

मग कुलदीपने आतून दुसरा आणला. फडक्याने पुसून माझ्या शेजारी ठेवला आणि मी चमकलो. तेच अंग, तीच भोकं. तारा लावल्या; फिरला तोही माझ्याच दिशेने. भावासारखा भाऊ. वामनरावांचा चेहरा उजळला. तसा मी तो मालतीबाई फाटकातून बाहेर यायच्या तेव्हाच पाहिला होता.

“आता दात,” ते म्हणाले. “नऊचा असला तर बस. याच्यात दहाचेही येतात, ते आपल्या रिंगेला नाही चालत. चष्मा राहिला घरी. अस्मिता, तू मोज.” आणि हुरुपाने पुढे म्हणाले, “आज लावला तर उद्या मीच आणतो नंदूला बालवाडीतून.”

नंदूला.

अस्मिता फळीजवळ आली. तिने खूण केली नाही. खडू मागितलाही नाही. पहिल्या दातावर बोट ठेवलं आणि मोजायला लागली. मी शेजारीच होतो, मला तिचं बोट स्पष्ट दिसत होतं. एक, दोन, तीन. सात, आठ, नऊ. बोट फिरून पहिल्या दातापाशी आलं. तिथे ते थांबलं. आयुष्यात हजारदा शंका घेणारी ती बाई, या वेळी तिला काहीही शंका नव्हती. तिने पहिल्याच दातावर पुन्हा बोट टेकवलं.

“दहा,” ती म्हणाली.

“दहा?” कुलदीप पुढे झाला. “नाही भाभी, बघू. एक, दो…” तो भराभर मोजून म्हणाला, “नऊ आहेत की. बाबूजी, नऊ.”

अस्मिता सासऱ्यांकडे बघत नव्हती.

वामनरावांनी दोघांकडे पाहिलं. मग खिशातून खडूचा तुकडा काढला. सहा वर्षं झाली मालतीबाईंना जाऊन, तरी तो खडू त्यांच्याकडे होता. त्यांनी एका दातावर खूण केली आणि मोजू लागले. ओठ न हलवता, नुसत्या बोटाने, हळूहळू. त्या बोटांना चष्मा लागत नव्हता. कधीच लागत नव्हता. पस्तीस वर्षं मी ती ओळखतो. बोट खुणेपाशी परत आलं आणि थांबलं. ते अस्मिताकडे पाहत राहिले. तिने आता वर पाहिलं. तिचे डोळे भरले होते, पण तिने ते खाली वळवले नाहीत.

वामनरावांनी अंगठ्याने खूण पुसली.

“दहा आहेत,” ते म्हणाले.

“अहो बाबूजी…”

“पस्तीस वर्षं हेच मोजत आलोय, सरदारजी. सून बरोबर सांगते. दहा आहेत. आपल्याला नाही चालणार.”

कुलदीपने एकदा त्यांच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं. मग तो सेल्फ उचलून पुन्हा फडक्यात गुंडाळला. “ठीक आहे, बाबूजी,” तो हलक्या आवाजात म्हणाला. “तुम्ही म्हणता तर दहा.”

परतताना सहा आसनी रिक्षात वामनरावांनी मला मांडीवर घेतलं. घराजवळ उतरल्यावर त्यांनी खिशातला खडू काढून अस्मिताच्या तळहातावर ठेवला.

“हा तुझ्याकडे असू दे,” ते म्हणाले. “आता मोजायचं तूच.”

त्या दिवसानंतर त्यांनी गाडीचं नाव काढलं नाही. पुढच्या पावसाळ्यात तिच्या चाकांखाली गवत आलं. मग पुण्याचे एक हौशी गृहस्थ टेंपो घेऊन आले आणि तिला घेऊन गेले. त्यांना एखादा सेल्फ मिळाला असेल. मिळो. मला मात्र वामनरावांनी दिलं नाही.

आता नव्याण्णव साल संपत आलंय. वामनराव गॅलरीत खुर्चीवर बसतात. अस्मिताचं नाव त्यांना रोज आठवतंच असं नाही. कधी तिला ‘बाई’ म्हणतात, कधी ‘ताई’. पण संध्याकाळी पाचच्या सुमाराला त्यांचा हात खाली येतो, मला शोधतो, आणि बोट दातांवरून फिरतं. फेरी पूर्ण झाली की ते मोठ्याने म्हणतात, “दहा.” आत ओट्याशी भांड्यांचा आवाज थांबतो. मग थोड्या वेळाने पुन्हा सुरू होतो. दीड वर्ष हे मी रोज ऐकतोय.

परवा वैदेही शाळेतून आली. आता ती पहिलीत आहे, दिसेल ते मोजते. जिन्याच्या पायऱ्या, खिडकीचे गज, आजोबांच्या सदऱ्याची बटणं. ती माझ्यापाशी उकिडवी बसली, मोजलं आणि म्हणाली, “आजोबा, नऊच आहेत. तुम्ही रोज चुकता.”

“दहा,” वामनराव म्हणाले.

“नऊ. आईला विचारा. आई, किती आहेत?”

अस्मिता पदराला हात पुसत दारात आली. पोरीकडे पाहिलं, सासऱ्यांकडे पाहिलं. मग आत गेली आणि देवघराच्या खणातून खडूचा तो तुकडा घेऊन आली. नखाएवढाच उरलाय. ती माझ्यासमोर जमिनीवर बसली, एका दातावर खूण केली आणि मोठ्याने, शाळेतल्यासारखं, मोजलं. खुणेपाशी येऊन थांबली.

“नऊ,” ती म्हणाली. “बाबा, त्याचेही नऊच होते. कळंबोलीला. मी खोटं सांगितलं तुम्हाला.”

किती दिवस तिने हे वाक्य तोंडात धरून ठेवलं असेल. वामनराव तिच्याकडे बघत राहिले. समजलं की नाही, सांगता येत नव्हतं. मग त्यांनी हात पुढे केला आणि तिच्या डोक्यावर ठेवला, दात तपासावा तितक्या हलक्या हाताने.

“तू नाही, अस्मिता,” ते म्हणाले. “दहा मी म्हणालो होतो.”

पुष्कळ दिवसांनी त्यांनी तिला नावाने हाक मारली होती. ती तोंडावर पदर घेऊन बसून राहिली. वैदेही दोघांकडे आळीपाळीने पाहत होती. नवाचं उत्तर बरोबर आलं तर मोठी माणसं रडतात का, हे तिला कळेना.

थोड्या वेळाने वामनरावांनी रस्त्याकडे पाहिलं. “पाच वाजले का गं, बाई?” ते म्हणाले. “शाळा सुटेल. मालतीला आणायला जायचंय.”

“जाऊ हं, बाबा,” अस्मिता म्हणाली. “आधी चहा घ्या.”

माझं सांगणं एवढंच. मी पुन्हा फिरेन अशी आशा मी धरलेली नाही. माझ्या आत फिरण्यासारखं काही उरलं नाही. भंगारवाला अधूनमधून खालून ओरडत जातो, आणि या खुर्चीतला माणूस उठून गेला की कधी ना कधी मीही त्याच्या तराजूत जाईन. त्याचं दुःख नाही. फक्त मला उचलणाऱ्याने एक करावं. माझ्या एका दातावर पांढरी खूण आहे. धूळ समजून ती पुसू नये.